वर्षातून एकदा ढ

दिवस जुलैतला दुसरा सोमवार, साल १९९७. रक्कम रुपये तीन हजार फक्त. उपस्थित तिघे: आमचे प्राचार्य, अर्थशास्त्राचे वेखंडे सर, आणि त्या रकमेचा हिशेब ज्याच्या गळ्यात पडणार होता तो मी, देशले, वाणिज्य विभाग.

पैसे विद्यापीठाकडून आले होते. सोबत पत्र होतं की प्राध्यापकांचं शिकवणं सुधारावं यासाठी कॉलेजने वर्षभर काही उपक्रम करावेत. अशा पत्राचं काय करायचं हे आम्हाला मुरबाडमध्ये पाठ होतं. मुंबईहून एक वक्ता बोलवायचा. तो आजच्या शिक्षकापुढच्या आव्हानांवर दीड तास बोलतो, त्या दीड तासात निम्मा स्टाफ पेपर तपासून घेतो, मग वडा, चहा, फोटो, आणि मार्चमध्ये पावत्या जोडायच्या. मी तसा खर्च मांडूनच नेला होता. शाल, नारळ, गाडीभाडं, मानधन, वडे. वीस रुपये शिल्लक पडत होते, त्याचंही मला समाधान होतं.

वेखंडे सरांनी तो कागद उभ्याउभ्याच वाचला. ते कधी बसायचे नाहीत. स्टाफरूममध्ये त्यांच्या नावाची खुर्ची होती, तिच्यावर त्यांची छत्री बसायची. ते स्वतः चहा खिडकीशी उभं राहून प्यायचे, आणि अर्धा कप झाला की दुसऱ्या खिडकीशी जायचे.

"देशले, बेरीज बरोबर आहे," ते म्हणाले. "पण यात शिकणार कोण?"

"सगळा स्टाफ," मी म्हणालो.

"सगळा स्टाफ वडा खाईल." त्यांनी कागद परत दिला आणि प्राचार्यांकडे वळले. "सर, मला या पैशात सगळ्यांना ढ करायचं आहे."

प्राचार्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं. मी खर्चाच्या कागदाकडे पाहिलं.

वेखंडे सरांची योजना अशी होती. प्रत्येक प्राध्यापकाने शंभर रुपये घ्यायचे आणि जे आपल्याला अजिबात येत नाही ते कोणाकडून तरी शिकायला जायचं. आवडतं म्हणून नाही, येत नाही म्हणून. शंभर रुपये शिकवणाऱ्याला आगाऊ द्यायचे. महिनाभर ढ राहायचं आणि मग स्टाफरूममध्ये येऊन सांगायचं की शिकवणाऱ्याने आपल्याशी काय केलं. "आपण सगळे आपापल्या विषयात हुशार होतो म्हणून इथे लागलो," ते म्हणाले. "न कळणं म्हणजे काय ते आपल्याला आठवतच नाही. वैशाखऱ्यासारख्या खेड्यातलं पोर मागच्या बाकावर तोंड उघडं टाकून बसतं, तेव्हा त्याच्या पोटात काय होतं ते आपल्यापैकी एकाला माहीत नाही. वर्षातून एकदा माणसाने ढ व्हावं."

त्यांना सोडून स्टाफ तीस होता. शंभराप्रमाणे तीस जणांचे तीन हजार. शिल्लक शून्य. शिक्षणशास्त्रातलं मला काही कळत नाही, पण इतका नीट बसणारा आकडा मी त्या कॉलेजात त्याआधी पाहिला नव्हता. मी मान डोलावली. प्राचार्यांना वक्त्यासाठी फोन करत बसायचं नव्हतं, म्हणून त्यांनीही डोलावली.

वेखंडे सर स्वतः गेली कित्येक वर्षं हे व्रत पाळत होते, तेही स्वतःच्या खिशातून. एका वर्षी ते शहापूरला टायपिंगच्या इन्स्टिट्यूटमध्ये बसले. पुढच्या वर्षी पेटी शिकायला भजनी मंडळात गेले, तिथल्या बुवांनी पंधरा दिवसांत त्यांचे पाय धरले आणि टाळ हातात दिला. मग त्यांनी बायकांच्या शिवणक्लासात नाव घातलं. चौदा मुली आणि पन्नाशीचे वेखंडे सर. त्यांनी शिवलेलं झबलं आमच्या स्टाफरूममध्ये आठवडाभर टांगलेलं होतं. त्याला तीन बाह्या होत्या. तिसरी कशी आली ते शिवणाच्या बाईंना शेवटपर्यंत सांगता आलं नाही.

"पण त्या बाईंनी एक वाईट केलं," सर आम्हाला सांगत होते. "मला जमेना तेव्हा म्हणाल्या, सोपं आहे हो सर. त्या क्षणी मला मशीन उचलून रस्त्यावर टाकावंसं वाटलं. सोपं आहे म्हणजे काय? म्हणजे मी गाढव. देशले, डेबिट-क्रेडिट शिकवताना हे किती वेळा म्हणता?"

मी म्हणालो, कधीच म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात मोजलं. पहिल्या वीस मिनिटांत चार वेळा.

आम्ही दोघं शहापूरचे. सकाळची किन्हवलीवरून मुरबाडला जाणारी एसटी आमची. सर गाडीतही स्वस्थ नसायचे. दर स्टॉपला जागा बदलायचे आणि नवीन शेजाऱ्याला त्यांचा तो ठरलेला प्रश्न विचारायचे. लोक नमस्कार म्हणतात, कसं काय म्हणतात. सर म्हणायचे, "आज काय कळलं नाही तुम्हाला?"

कंडक्टरला विचारायचे, कॉलेजच्या पोरांना विचारायचे. एकदा डोक्यावरची पाटी मांडीवर घेऊन बसलेल्या बाईला विचारलं. तिने त्यांना खालपासून वर न्याहाळलं आणि म्हणाली, "तुमी काय इचारता त्येच नाय कळलं." सरांना इतका आनंद झाला की त्यांनी तिचं तिकीट काढायला पाकीट काढलं. तिने आधीच काढलं होतं.

मला या प्रश्नाचा त्रास व्हायचा. सकाळी पावणेआठला माणसाला काय कळलेलं नसणार? अजून दिवस धड सुरूच झालेला नसतो. पण उत्तर दिल्याशिवाय सर सोडत नसत आणि गाडी डोलत असताना डोक्यावर उभे राहत. शेवटी मी रात्रीच एखादी न कळलेली गोष्ट ठरवून ठेवू लागलो. बायको म्हणाली, "बाकी कोणी नवऱ्याला डबा देतात. मी तुम्हाला डबा आणि एक शंका बांधून द्यायची का?"

योजना सुरू झाली आणि पहिल्या आठवड्यातच एक चमत्कार दिसला. तीस प्राध्यापक विद्यार्थी झाले आणि विद्यार्थ्यांनी जे केलं असतं तेच सगळं करू लागले. मराठीचे पाठक सर, वय शेहेचाळीस. त्यांना सायकल येत नव्हती. त्यांनी पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याला विचारलं की उतार परीक्षेला येणार आहे का, नसेल तर ते उताराचं सोडून देतील. दुसऱ्या आठवड्यात ते गैरहजर राहू लागले. कारण विचारलं तर म्हणाले, आजी वारली. पाठक सरांची आजी वारल्याचं आम्ही नोकरीला लागलो त्या वर्षीच ऐकलं होतं.

माझ्या वाट्याला ढोलकी आली. सर म्हणाले, "तुम्ही आकड्यांचे माणूस, तुम्हाला ताल मोजता येईल." मोजता यायचा. एक ते आठ मला कोणी शिकवायला नको. पण तोंडात पाच असताना हात सातवर असायचा. शिकवायला बँकेतले कॅशिअर होते, वाजवायचे सुंदर, शिकवायचे भयंकर. दर चुकीला "छे" म्हणून दुसरीकडे बघायचे. ते बघायचे ती भिंत मला अजून डोळ्यांसमोर दिसते. घरी मी पिठाच्या डब्यावर सराव करायचो. तिसऱ्या आठवड्यात बायकोने डबा उचलून फळीवर ठेवला, आणि मी सुटका झाल्यासारखा बसून राहिलो. त्या दिवशी मी क्लासला गेलो नाही. बँकेसमोरून जायची वेळ आली तर बाजारपेठेतून वळसा घालून जाऊ लागलो. वर्गातली जी पोरं मला पाहून कॉरिडॉरमध्ये वळायची, त्यांचं वळण मला अचानक पायांत ओळखीचं वाटलं. मी त्या वर्षापासून "छे" म्हणणं सोडलं. ढोलकी काही आली नाही.

आता जाधव मॅडमबद्दल सांगायला हवं, कारण या सगळ्यात खरं काही जाणार असेल तर ते त्यांचं जाणार होतं.

जाधव मॅडम इतिहासाला नवीन लागल्या होत्या. वय चोवीस. आटगावच्या, येणंजाणं आमच्याच एसटीने. वडील रेल्वेत गँगमन होते, पायावर रूळ पडल्यापासून घरी. पाठचे दोन भाऊ शिकत होते. घर मॅडमच्या पगारावर होतं आणि पगार वर्षाच्या कराराचा. एफ.वाय.चा वर्ग त्यांना दिला होता आणि तो वर्ग बसत नव्हता. मॅडम नोट्स घेऊन यायच्या, टेबलावर ठेवायच्या आणि मान खाली घालून वाचायला सुरुवात करायच्या. भाषा अगदी छापील. "तत्कालीन समाजव्यवस्थेचे स्वरूप पाहता." आवाज तिसऱ्या बाकापर्यंत. चौथ्या बाकापासून मागच्या दाराने पोरं एकेक करून निघायची आणि मॅडम वर बघायच्या नाहीत. मला वाटतं, वर बघितलं तर किती उरलेत ते दिसेल म्हणून.

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी मॅडमना बोलावून स्पष्ट सांगितलं. दिवाळीनंतर मी वर्ग बघणार. बसत नसेल तर मार्चनंतर आपण जाहिरात देऊ.

मग सगळ्या स्टाफने मॅडमना सल्ले दिले. आवाज वाढवा. मधूनमधून विनोद करा. पाठक सरांनी तर तीन विनोद लिहूनही दिले. मॅडमनी ते नोट्समध्ये घालून तसेच वाचले, मान खाली घालून, आणि त्या दिवशी पहिल्या बाकावरच्याही दोन मुली गेल्या.

वेखंडे सरांनी एक शब्द सल्ला दिला नाही. मला ते खटकलं. हा उपक्रम यांचा, आणि ज्या एका माणसाला खरंच गरज आहे तिच्याकडे हे बघतसुद्धा नाहीत. परतीच्या गाडीत मी तसं बोललो. सर जागा बदलायला उठत होते, ते तसेच दांडी धरून उभे राहिले.

"पोहता येत नाही त्याला काठावरून ओरडून सांगतात तसं चाललंय तुमचं," ते म्हणाले, आणि मॅडमच्या बाकाशी गेले.

मॅडमचे शंभर रुपये तेवढे खर्च झाले नव्हते. सर त्यांना म्हणाले, तुम्ही कोणाकडे शिकायला जाऊ नका, तुम्ही रोज ढ होताच आहात. तुम्ही मला शिकवा. तुम्हाला काय येतं? मॅडम म्हणाल्या, मला काही येत नाही. घरी काय करता? भाकऱ्या. किती? सकाळी वीसेक.

"झालं तर मग," सर म्हणाले. "मला तांदळाची भाकरी शिकवा. मला त्यातलं ओ की ठो येत नाही."

कॉलेजच्या मागे कॅन्टीन होतं. तिथल्या काकूंनी दुपारनंतर एक शेगडी द्यायचं कबूल केलं, पीठ आपलं आणायचं या अटीवर. शेवटचं लेक्चर संपल्यापासून साडेपाचच्या गाडीपर्यंत तास, असं ठरलं. गाडी चुकली तर पुढची सातला. म्हणून या भाकऱ्या सतत एक कान रस्त्याकडे ठेवून झाल्या. मीही थांबायचो, कारण गाडी तिघांची एकच होती आणि त्या शंभर रुपयांचा हिशेब मला लावायचा होता.

सुरुवातीला मॅडम तिथेही छापील बोलल्या. "सर, प्रथम पाणी उकळावे. तदनंतर त्यात पीठ घालावे." सरांनी पाणी कोमट असतानाच पीठ घातलं. गुठळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी उकड चांगली वाफवली, पण मळताना चटका बसला म्हणून परात सोडून दिली आणि ते अंगणभर फिरत राहिले. तिसऱ्या दिवशी भाकरी थापली गेली. तिचे काठ असे फाटले होते की भूगोलाच्या सरांनी ओळखून दाखवलं, हा कोकण किनारा. मॅडम ओठ दाबून उभ्या होत्या. त्यांना हसू येत होतं की रडू ते कळत नव्हतं.

कॅन्टीनच्या खिडकीशी एव्हाना पोरं जमू लागली होती. वेखंडे सरांना भाकरी येत नाही हे बघायला फुकट मिळतंय तर कोण सोडेल? त्यात एफ.वाय.ची तीच पोरं होती, मागच्या दाराने जाणारी.

चौथ्या की पाचव्या दिवशी सरांनी थापलेली भाकरी दोन्ही हातांत उचलली, तव्यावर लांबूनच भिरकावली, आणि ती मध्ये दुमडून पडली. खिडकीत हशा पिकला. मॅडमचा बांध फुटला.

"अवो सर, काय करता काय तुमी? भाकर हाय ती, रुमाल नाय घडी घालायला. जवळ जा ना तव्याच्या, तवा काय चावतो? हात पाण्यात बुडवा. बुडवा आधी. आता हळू सोडा. अशी. अशी नाय, अशी." आणि त्याच दमात खिडकीकडे वळून, "हसता काय रे? तुमाला येते का? गो मंगल, तू ये. ये आत. तू सांग सरांचं काय चुकलं."

मंगल वैशाखऱ्याची मुलगी, वर्गात तीन महिन्यांत तोंड उघडलेली नव्हती. ती आत आली आणि म्हणाली, "मॅडम, सरांचं चुकलं का, तं ते भाकरीला घाबरतात." आवाज पार रस्त्यावर गेला. पोरं हसली, मॅडम हसल्या, मग मॅडमनी मंगलला विचारलं की घाबरतात ते कशावरून, आणि तिने सांगितलं, आणि मागच्या एका पोराने त्यावर वेगळंच सांगितलं, आणि मॅडमनी त्याला कोंडीत पकडलं. अर्धा तास तिथे वर्ग चालला होता. फक्त तो वर्ग आहे हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. साडेपाचची गाडी गेली.

सातच्या गाडीत वेखंडे सर मॅडमच्या पुढच्या बाकाशी मागे तोंड करून उभे राहिले.

"मॅडम, हा आवाज वर्गात जाताना कुठे ठेवता?"

किन्हवलीच्या अलीकडे कधीतरी मॅडम म्हणाल्या, "सर, नोट्स सोडल्या की तोंडातून 'नाय' निघतं. कल्याणला शिकत होते ना, तिथे एकदा वर्गात उभी राहून असंच बोलले. मागून सगळा वर्ग माझ्यासारखा बोलून दाखवत होता. वर्षभर."

"इथे 'नाय' म्हणाल तर कोण हसेल? आम्ही सगळे घरी काय बोलतो?"

"तरी सर. प्राध्यापक ना मी."

"मीही प्राध्यापक," सर म्हणाले. "रोज शंभर पोरांसमोर भाकरी मोडतोय. माझं काय गेलं?"

त्या दिवशी सरांनी शहापूरपर्यंत जागा बदलली नाही, हे माझ्या लक्षात आलं.

दिवाळीची सुट्टी संपली. पहिल्या सोमवारी माझं लेक्चर इतिहासाच्या शेजारच्या खोलीत होतं. भिंतीपलीकडून मॅडमच्या नोट्सची कुजबुज सुरू झाली. तत्कालीन, स्वरूप, वगैरे. पाचेक मिनिटांनी ती थांबली. मला वाटलं, संपलं. मग स्पष्ट आवाज आला, कॅन्टीनमधला. "सिद्धगडावर कोण कोण गेलंय? हात वर करा. खरं सांगा. आणि वर जाऊन काय केलं? नुसतं खाल्लं? दगड बघितलेत का, कसे रचलेत? नाय बघितले ना. मग आज तेच बघू."

त्यानंतर माझं लेक्चर मला नीट घेता आलं नाही. पलीकडे इतका गोंधळ होता की माझी पोरं भिंतीला कान लावून बसली. मी प्राचार्यांकडे तक्रार करायला निघालो. प्राचार्य कॉरिडॉरमध्येच उभे होते, इतिहासाच्या मागच्या दाराशी. दार आतून लावलेलं होतं. एका पोराने लावलं होतं, उशिरा येणाऱ्यांनी व्यत्यय आणू नये म्हणून.

मॅडम एका दिवसात मोठ्या शिक्षिका झाल्या असं मी म्हणणार नाही. पुढचे दोन महिने त्या कधी नोट्समध्ये परत जायच्या, कधी पोरांच्या गडबडीत तास हातातून सुटायचा. पण वर्ग बसला. प्राचार्यांनी जाहिरात दिली नाही. पुढे त्या कायम झाल्या, इतिहासाच्या प्रमुख झाल्या. आता नवीन लागणाऱ्या प्राध्यापकांना दर वर्षी ढ करण्याचं काम त्याच करतात. पहिल्या दिवशी त्यांना वेखंडे सरांची गोष्ट रंगवून सांगतात. सर भाकरीत किती ढ होते, कोकण किनारा कसा झाला, महिनाभर शिकवूनही शेवटची भाकरी तव्याला कशी चिकटली. नवी मंडळी पोट धरून हसतात. माझ्याकडे बघून मॅडम म्हणतात, "विचारा देशले सरांना, ते होते."

मी होतो. मी मान डोलावतो आणि गप्प बसतो. का ते सांगतो.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये हिशेब पुरा करायचा होता. एकोणतीस जणांच्या शिकवणाऱ्यांच्या पावत्या आल्या होत्या. जाधव मॅडमच्या नावाचे शंभर रुपये तेवढे राहिले होते. ते एक तर कोणाला तरी द्यायचे, नाही तर विद्यापीठाला परत करायचे. वेखंडे सरांची सही हवी होती. रविवार होता, अकराचा सुमार. मी न कळवताच त्यांच्या घरी गेलो. इतकी वर्षं एका गाडीने गेलो-आलो, पण त्यांच्या घरात मी त्यापूर्वी एकदाच गेलो होतो, सरांच्या पत्नी वारल्या तेव्हा, तेही दारापर्यंत. मुलगी नाशिकला दिलेली. सर एकटेच राहायचे.

दार उघडं होतं. आत स्वयंपाकघरात सर बसलेले होते. आधी मला तेच नवल वाटलं. पाटावर मांडी घालून, स्वस्थ, जणू आयुष्यात त्यांना कधी कुठे जायची घाई नव्हती. समोर परात. डाव्या हाताने परात सावकाश फिरत होती आणि उजव्या हाताखाली भाकरी वाढत होती, पातळ, गोल, एकसारखी. त्यांनी ती तळव्यावर उचलली, तव्यावर सोडली. एक सुरकुती पडली नाही. वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, आणि ती टम्म फुगली.

मी दारात उभा होतो. सरांनी मान वर केली. थोडे ओशाळले, चोरी पकडल्यासारखे.

"या देशले. बघितलंतच आहे तर आता बसा."

मी बसलो. भिंतीशी एक लोखंडी खाट होती, गादी गुंडाळून ठेवलेली. सरांनी पुढचा गोळा घेतला आणि त्याच्याकडे बघतच बोलू लागले.

"शालनला शेवटी उठता येत नव्हतं. त्या खाटेवरून ती सांगायची आणि मी इथे बसून करायचो. तेव्हा मला शिकवायला लागून सोळा वर्षं झाली होती. तालुक्यात नाव होतं माझं. वेखंडेंचं लेक्चर म्हणजे काय. आणि भाकरी जमेना. मोडायची, जळायची, मी परात आपटायचो. देशले, तिने एकदाही सोपं आहे असं म्हटलं नाही. मोडलेली भाकरी ताटात घ्यायची, खायची आणि विचारायची, आज काय कळलं नाही तुम्हाला? मी सांगायचो. मग उद्या तेवढंच शिकवायची." त्यांनी भाकरी उलटली. "धड भाकरी झाली तेव्हा तिला अन्न जात नव्हतं. पण हातात घेऊन बघितली. पुढून, मागून. पेपर तपासतात तशी."

मी म्हणालो, "मग जाधव मॅडमसमोर महिनाभर तुम्ही..."

"फार जड गेलं. हात ऐकत नाही. करायला शिकलो त्यापेक्षा मोडायला शिकणं अवघड पडलं." ते हसले. "पण मला दुसरं काही इतकं नीट येत नाही हो, की ते मुद्दाम चुकवता येईल. आणि त्या पोरीला कोणीतरी आपल्यापेक्षा ढ हवा होता."

मी कागद काढला. मला दुसरं काही सुचत नव्हतं, म्हणून जे सुचतं ते केलं. म्हणालो, सर, हे हिशेबात बसत नाही. शंभर रुपये भाकरी शिकवल्याबद्दल मॅडमना द्यायचे म्हटलं, तर तुम्ही शिकलाच नाहीत. तुम्हाला येत होती.

"पैसे शिकवण्याचे आहेत, देशले. शिकण्याचे नाहीत," सर म्हणाले. "तिने शिकवलं की नाही?"

मी कागद पुढे केला. त्यांनी पिठाचा हात पुसून सही केली. अंगठ्याचा पांढरा ठसा तरी उमटलाच.

उठताना माझ्या मनात आलं की हा माणूस इतकी वर्षं सगळ्या गाडीला एक प्रश्न विचारतो आहे, आणि तो त्याला परत कोणी विचारलेला मी ऐकलेला नाही. मला अशा गोष्टी जमत नाहीत. तरी दारात थांबून मी विचारलं, "सर, आज काय कळलं नाही तुम्हाला?"

सरांनी तवा उतरवला. परातीकडे बघितलं. परातीत अजून गोळे होते.

"एकट्यासाठी पीठ किती घ्यायचं ते," ते म्हणाले. "अजून अंदाज येत नाही. दोन माणसांचंच होतं."

मी पायात घातलेल्या चपला परत काढल्या, आत आलो आणि पान मांडायला सांगितलं. घरी बायकोने स्वयंपाक करून ठेवला होता, तो रात्री खाल्ला.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये जाधव मॅडमना शंभर रुपये दिले. त्यांनी विचारलं, हे कशाचे, सरांना तर शेवटपर्यंत जमली नाही. मी म्हणालो, शिकवल्याचे. त्यांनी सही केली. एकूण खर्च रुपये तीन हजार फक्त, शिल्लक नाही.